किल्ल्यांचा बोर्ड आणि भिंतीवरची पाटी

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात, ओळख कळणार नाही अशा बेताने)

नाशिकला पंचवटीत आमचं सोळा खोल्यांचं लॉज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी पाहतो. गेल्या महिन्यात विदर्भातलं एक कुटुंब दोन मुक्कामांसाठी उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे रामकुंडावर गेले, जाताना खोलीची किल्ली काउंटरवर दिली. अकराच्या सुमारास परतल्यावर त्यांनी सांगितलं, की स्नानाला जाताना काढून बॅगेत ठेवलेलं तीन तोळ्यांचं मंगळसूत्र आणि अठरा हजार रुपये नाहीत. कुलूप तुटलेलं नव्हतं, किल्ली बोर्डावरच लटकत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजचा कॅमेरा दहा दिवस बंद होता. काउंटरचा चालू होता. मधल्या वेळात खोली झाडायला आमच्या मावशी गेल्या होत्या. त्या नऊ वर्षं आमच्याकडे आहेत. आता वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत पाच लाख द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ. काउंटरमागे पाटी आहे, ‘मौल्यवान वस्तू ज्याच्या त्याने सांभाळाव्यात, चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.’ ओळखीचे लॉजवाले म्हणतात, पाटी आहे ना, मग उत्तरसुद्धा देऊ नकोस. काका म्हणतात, अर्धे देऊन मिटव आणि मावशींच्या पगारातून वळते कर. मी काय करावं?

उत्तर

नमस्कार,

तुमच्या मूळ पत्रात पाटीवर अख्खा परिच्छेद आहे आणि किल्ल्यांच्या बोर्डावर एकच वाक्य. माझ्या मते या प्रकरणाचं वजन नेमकं उलट्या बाजूला आहे. पाटीचं आधी बघू, कारण नाशिकमधल्या बहुतेक लॉजवाल्यांचा भरवसा तिच्यावरच असतो.

१ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एक ग्राहक मारुती झेन घेऊन आला आणि गाडी लावण्यासाठी किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. हातात आलेल्या चिठ्ठीवर छापलेलं होतं, की गाडी मालकाच्या जोखमीवर उभी आहे. गाडी चोरीला गेली. दुसऱ्याच कुणीतरी डेस्कवरची किल्ली उचलली आणि गाडी घेऊन पसार झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला: गाडी एकदा हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली, की ती सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी हॉटेलची. आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी छापील ओळीच्या आधाराने झटकता येत नाही. गाडी का परत करता आली नाही आणि त्यात आपली चूक कशी नाही, हे हॉटेलनेच दाखवायचं.

मात्र त्याच निकालाची दुसरी बाजू तुमच्या पाहुण्यांच्या वकिलांनी सांगितलेली दिसत नाही. काहीही हरवलं तरी हॉटेलने भरून द्यावं, हा इंग्लंडमधला जुना कडक नियम न्यायालयाने स्वीकारला नाही. आपल्याकडे मोजमाप आहे ते १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ चं. साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यायची. ती घेतली असेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी येत नाही. आणि तो निकाल ताब्यात दिलेल्या वाहनाबद्दल होता. खोलीतल्या बॅगेला तो जसाच्या तसा लागू होतो, असं कुणी म्हणत असेल तर ते घाईचं आहे.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला २०२३ मधला एक निकाल ठेवा. रेल्वेच्या एका प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात एक लाख रुपये बांधले होते, ते प्रवासात चोरीला गेले. ग्राहक आयोगांनी त्याच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. प्रवाशाला स्वतःजवळची वस्तू सांभाळता आली नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

तुमचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. मंगळसूत्र तुमच्या हातात कुणी दिलं नव्हतं, तुम्हाला ते आहे हेही ठाऊक नव्हतं. पण ज्या किल्लीने ते बंद होतं, ती तुमच्या हातात दिली होती. म्हणजे दागिना ताब्यात नसला तरी किल्ली ताब्यात होती, आणि तिची काळजी कशी घेतली याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. १६ खिळ्यांचा, काउंटरवरून हात लांबवला की पोहोचेल असा उघडा बोर्ड. त्यावर लटकणारी किल्ली पाहून खोली रिकामी आहे हे कुणालाही कळतं. किल्लीच्या बिल्ल्यावर खोली क्रमांक कोरलेला. पहाटे रामकुंडावर जाणाऱ्यांची झुंबड असते तेव्हा काउंटरवर एकच माणूस, आणि तोही चहा आणायला जात असणार. कुलूप न तोडता चोरी होते तेव्हा पहिला प्रश्न इथेच येतो. ‘पाटी आहे’ हे त्याचं उत्तर नाही.

म्हणून ‘उत्तर देऊ नकोस’ हा सल्ला धोक्याचा वाटतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात राहण्याची सोय ही स्पष्ट शब्दांत सेवा म्हणून नोंदलेली आहे. पाहुण्यांना दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती नाशिकलाच करावी असं नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती चालते, म्हणजे तारखा विदर्भातल्या जिल्हा आयोगात पडू शकतात. खोलीभाड्यासारख्या लहान मोबदल्यावर तक्रार शुल्क शून्य आहे, त्यामुळे ‘एवढ्यासाठी कोण जातंय’ या हिशेबात राहू नका. तक्रार दाखल झालीच, तर तिची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ च्या पुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं आहे. बाजू चांगली असूनही केवळ या तारखेपायी अनेकांच्या हातून प्रकरण निसटतं. नोटिशीचं पाकीट जपून ठेवा, त्यावरची पोहोच तारीख लागते.

आता पुराव्याचं. हा भाग तुम्हाला आधीच वेगळा कळवला आहे, इथे इतरांसाठी लिहितो. काउंटरचा कॅमेरा चालू होता, म्हणजे बोर्डावरून किल्ली कुणी उचलली हे त्यात असू शकतं. पण रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं हे बहुतेक मालकांना माहीत नसतं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट वेगाने सतत रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी जागा खातो. आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला १७० जीबीच्या वर. एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागते. चार टीबीचीही तेवीस दिवसांच्या आसपास. म्हणून घटनेच्या दिवशीच डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, बंद करून ती डिस्क काढून ठेवावी, दुसरी बसवावी आणि काढलेली कागदात गुंडाळून तिच्यावर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या घालाव्यात. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे, हेही त्याच वेळी लिहून ठेवा. सात-आठ मिनिटांच्या फरकानेही निर्दोष माणूस संशयात येतो. हे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचं, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, त्यात नोंदवावं लागतं. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून भागत नाही.

पॅसेजचा कॅमेरा बंद होता, हे लपवू नका. दुरुस्तीवाल्याला कधी फोन केला, तो कधी येतो म्हणाला, याचे मेसेज असतील तर ते जपा. बंद कॅमेरा म्हणजे तुम्ही दोषी, असं होत नाही. पण दहा दिवस तक्रारही न करता बंद ठेवलेला कॅमेरा आणि ज्याच्या दुरुस्तीचा पाठपुरावा सुरू होता तो कॅमेरा, यांच्यात मोठा फरक आहे. मागची तारीख टाकून दुरुस्तीची पावती करून घ्या, असं कुणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पोलिसांत काय नोंद झाली आहे, हे तुमच्या पत्रात नाही. ते आधी काढा. पाहुण्यांनी ‘गहाळ’ अशी नोंद दिली आहे की चोरीचा गुन्हा दाखल झाला आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गहाळ म्हणजे वस्तू कुठे पडली ते माहीत नाही, आणि तीच वस्तू नोटिशीत ‘खोलीतून चोरी’ झाली असेल, तर विसंगती त्यांच्या बाजूची आहे. गुन्हा दाखल असेल तर राहत्या जागेतली चोरी म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ लागू शकतं. काहीच नोंद नसेल तर तुम्ही स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन लेखी माहिती द्या. चोरी तुमच्या वास्तूत झाल्याचं सांगितलं जात आहे, तर खबर देण्याचा हक्क तुम्हालाही आहे. पोलिसांना घाबरून गप्प बसलेला मालक पुढे आयोगापुढे काही लपवत असल्यासारखा दिसतो.

आता मागितलेली रक्कम. पाच लाख कसे झाले, याचा तपशील नोटिशीच्या उत्तरात सरळ मागा. तीन तोळे म्हणजे नेमके किती ग्रॅम? आजचा तोळा दहा ग्रॅमचा धरतात, जुन्या हिशेबाने ११.६६ चा. तीन तोळ्यांत पाच ग्रॅमचा फरक पडतो. सराफाची पावती आहे का, नसेल तर मंगळसूत्र घातलेले फोटो आहेत का, त्यात काळ्या मण्यांचं वजन धरलं आहे का? अठरा हजार रोख कुठून काढले, बँकेची नोंद आहे का? हे विचारणं म्हणजे पाहुण्यांना खोटं ठरवणं नव्हे. वस्तू होती आणि ती खोलीतून गेली, हे दाखवण्याची पहिली पायरी त्यांची आहे, तुमच्या हलगर्जीपणाचा प्रश्न त्यानंतर येतो. एवढा ऐवज बॅगेत ठेवताना त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, ही त्यांचीही कसूर आयोग पाहील. फक्त तुमच्याकडे ठेवायला लॉकर होता का, आणि तो आहे हे त्यांना सांगितलं होतं का, हा उलट प्रश्न लगेच येईल. पत्रावरून तरी लॉकर नव्हता असं दिसतं.

उत्तराचा मसुदा वकिलाकडून करून घ्या, पण सूर तुम्ही ठरवा. त्यात चार गोष्टी पुरेत. त्या दिवशी काय घडलं ते वेळेनुसार. तुम्ही कोणते पुरावे जपले आहेत. रकमेचा आणि मालकीचा तपशील पाठवा ही विनंती. आणि हक्क अबाधित ठेवून समोरासमोर बसायची तयारी. ‘बनाव आहे’, ‘ब्लॅकमेलिंग आहे’ असे शब्द नकोत. एक स्त्री स्नानासाठी मंगळसूत्र काढून ठेवते आणि परत येऊन पाहते तर ते नाही, यातलं दुःख खरं असू शकतं, चोर कुणीही असो. उत्तरात ते मान्य करणारं एक साधं वाक्य असलं तर त्याने तुमची कायदेशीर बाजू दुबळी होत नाही.

तडजोड करावी का? माझं मत विचाराल, तर तुमची बाजू अर्धीमुर्धी आहे. उघडा बोर्ड आणि बंद कॅमेरा यांमुळे काळजी घेतल्याचं दाखवणं अवघड जाईल. दागिन्याच्या पावतीशिवाय त्यांनाही पूर्ण रक्कम मिळणं अवघड. अशा ठिकाणी मध्यस्थी दोघांच्याही भल्याची असते. आयोगातही ती सोय कायद्याने दिलेली आहे. मात्र काकांच्या पद्धतीने, म्हणजे हातात रोख ठेवून मिटवणं नको. वस्तूंचं वर्णन, रक्कम, ‘जबाबदारी मान्य न करता’ हे शब्द, या घटनेबाबत पुढे कोणताही दावा उरला नाही हे वाक्य, सगळ्यांच्या सह्या आणि पैसे बँकेतून. पोलिसांत गुन्हा असेल तर तपास त्याच्या मार्गाने चालू राहतो, तडजोडीत तो ‘मागे घेऊ’ असं लिहून उपयोग नाही. आणि त्याआधी तुमची विमा पॉलिसी उघडून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य केली तर दावा जातो. साध्या घरफोडी विम्याला जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, म्हणून न तुटलेल्या कुलपावर तो बहुधा मिळणार नाही. नूतनीकरणाच्या वेळी तीन गोष्टी विचारा: विश्वासाने आपल्याकडे ठेवलेला इतरांचा माल त्यात बसतो का, साधी चोरी बसते का आणि कर्मचाऱ्याच्या अप्रामाणिकपणाचं संरक्षण किती आहे.

आता मावशी. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत टोचलेलं वाक्य काकांचं आहे. त्या खोलीत गेल्या होत्या, कारण खोली झाडणं हे त्यांचं काम आहे. त्या काळात किल्ली बोर्डावर किती वेळ होती, काउंटरवर कोण होतं, दुसरी किल्ली कुणाकडे असते, याची कुठेच नोंद नाही. नोंद ठेवणं मालकाचं काम होतं, ते झालं नाही, आणि त्याची किंमत सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाकडून वसूल करायची, हे न्यायाचं नाही. कायद्याचंही नाही. मालाच्या नुकसानीपोटी पगारातून कपात करायची, तर तो माल त्या कर्मचाऱ्याकडे खास सांभाळायला दिलेला असावा लागतो, तो तिच्या हलगर्जीपणाने गेलेला असावा लागतो, आणि आधी तिला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. इथे पहिली अटही पुरी होत नाही. त्यांची पिशवी, कपडे, घर तपासायला कुणी जाऊ नये. तो अधिकार पोलिसांचा आहे, आणि स्त्रीची झडती स्त्री कर्मचारीच घेते. मावशींना समोर बसवून, चहा देऊन विचारा: दार उघडलं तेव्हा कुलूप कसं होतं, बॅग कुठे होती, पंखा चालू होता का, पॅसेजमध्ये कोण दिसलं. नऊ वर्षं खोल्या आवरणाऱ्या बाईच्या नजरेला जे दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यांनी सांगितलेलं लिहून, वाचून दाखवून सही घ्या.

पुढच्यासाठी काय बदलायचं, ते पंचवटी, मुंबई नाका, नाशिक रोड, त्र्यंबक इथल्या सगळ्याच लॉजवाल्यांनी वाचावं. सिंहस्थ तोंडावर आहे. खोलीत चारऐवजी सात माणसं उतरतील आणि हंगामापुरते ठेवलेले पोरगे काउंटरवर उभे राहतील.

बोर्ड काउंटरच्या आत, लोकांच्या नजरेआड, दार असलेल्या कपाटात घ्या. बिल्ल्यावरून लॉजचं नाव आणि खोली क्रमांक काढा, तुम्हाला कळेल असा वेगळा आकडा घाला. घाटावर पडलेली किल्ली ज्याला सापडते त्याला आज पूर्ण पत्ता हातात मिळतो. किल्ली हरवली की नुसती दुसरी करून चालत नाही, त्या दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला किंवा बिनवापराच्या खोलीच्या कुलपाशी अदलाबदल करा. सफाईच्या किल्लीसाठी एक साधी वही पुरते: खोली, कोण, किती वाजता घेतली, किती वाजता दिली, सही. त्या वहीच्या एका पानाने मावशी आज संशयाबाहेर राहिल्या असत्या.

लॉकर ठेवा, पण तो झेपत असेल तरच. ऐवज ताब्यात घेतला की कलम १५१ ची पूर्ण काळजी तुमच्यावर येते. पाकीट पाहुण्याच्या समोर बंद करायचं, जोडावर त्याची आणि तुमची सही घालून वरून पारदर्शक टेप लावायची. दोन प्रतींतल्या पावतीवर ‘सोन्याची साखळी’ असं न लिहिता ‘पिवळ्या धातूची साखळी, एक, पाहुण्याने सांगितलेलं वजन अमुक’ असं लिहा. ते सोनं आहे की नाही हे तुम्ही पारखलेलं नसतं. परत देताना पाकीट न फोडता दाखवा, ते त्यानेच उघडावं आणि पावतीवर मिळाल्याची सही करावी. खोलीत डिजिटल तिजोरी बसवली असेल तर कारखान्यातून आलेला मूळ कोड त्याच दिवशी बदला. चार शून्यांवर उघडणारी तिजोरी नसलेली बरी.

चेक-आउटनंतर ‘बॅगा ठेवा, त्र्यंबकला जाऊन येतो’ हा रोजचा प्रकार. पैसे घेत नाही म्हणून जबाबदारी नाही, ही समजूत चुकीची आहे. कलम १५१ सगळ्याच सांभाळायला दिलेल्या वस्तूंना लागू आहे, मोफत ठेवलेल्यांनाही. जिन्याखाली ढीग नको. कुलूप असलेली खोली आणि फाडून द्यायचा दोन भागांचा क्रमांक, एवढं हवंच, आणि तो क्रमांक परत आल्याशिवाय बॅग द्यायची नाही. ‘मी त्यांचा भाऊ’ म्हणणाऱ्यालाही नाही.

गाड्यांचं दोन वाक्यांत: किल्ली घेतली की गाडी तुमची झाली समजा, आणि घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, ओरखड्यांचे वाद तिथेच मिटतात. किल्ली घेणार नसाल तर ‘गाडी स्वतः लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा’ हे तोंडाने सांगा.

पण गोदाकाठच्या लॉजना पावसाळ्यात आणखी एक काम आहे. पुराला दैवी आपत्ती म्हणून हात वर करता येतात, असं वाटतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार असल्याचं आधी जाहीर होतं, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं हे अख्ख्या नाशिकला कळत असतं. ज्याची आगाऊ खबर होती, त्यात तळघरातली गाडी हलवायला पाहुण्याला उठवलं नाही, तर तो हलगर्जीपणाच. अशा रात्री प्रत्येक खोलीचं दार वाजवा, कुणाला किती वाजता सांगितलं ते लिहा.

पाहुणा विसरून गेलेल्या वस्तूही अशाच. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. चार्जर, चष्मा, देवाची तांब्याची लोटी, दोरीवरचं ओलं धोतर, जे सापडेल त्याची तारीख, खोली, कुणाला सापडलं आणि कुणाला दिलं याची नोंद करा. फोन मात्र ज्याच्या नावावर खोली होती त्यालाच करा. घरच्या दुसऱ्या नंबरावर ‘तुमच्या मिस्टरांचं अमुक राहिलं’ असं सांगून कुणाच्या घरात वादळ उठवू नका.

पाटी काढू नका, बदला. मजकूर असा ठेवता येईल: ‘मौल्यवान वस्तूंसाठी काउंटरवर लॉकरची सोय आहे. वस्तू ठेवून पावती घ्यावी. बाहेर जाताना किल्ली काउंटरवर देऊन नोंद करावी. काही हरवल्यास लगेच लेखी कळवावं.’ ही पाटी तुम्हाला वाचवेल, कारण तुम्ही काय सोय केली आणि काय सांगितलं याचा तो पुरावा होतो. हाच मजकूर चेक-इनच्या रजिस्टरवर छापा आणि तिथे सही घ्या.

हे सदर वाचणारे प्रवासीही आहेत. त्यांनी खोलीत काही गेलं तर भांडत न बसता आधी खोलीचे फोटो काढावेत, लॉज सोडण्यापूर्वी काउंटरवर लेखी तक्रार देऊन पोहोच घ्यावी आणि चोरी असेल तर ‘चोरी’ असंच पोलिसांत नोंदवावं. एफआयआरची प्रत मोफत मिळते. गावी परतून ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. खोलीभाड्याची पावती फेकू नये, ग्राहक असल्याचा तोच पुरावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारता येतं, आयोगात तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते.

तुमच्याकडे नोटिशीची मुदत संपायला एक आठवडा उरला आहे. उद्या वकील, परवा पोलीस ठाणं, त्यानंतर उत्तर स्पीड पोस्टाने. मावशींना या महिन्याचा पगार पूर्ण, एक रुपयाही न कापता द्या. आणि किल्ल्या आजच संध्याकाळी बोर्डावरून उतरवा. कपाट सुतार करून देईपर्यंत कुलूप असलेला साधा ड्रॉवरही चालेल.